एकसारख्या जाडीची फळी : थिकनेस प्लेनरचा वापर आणि निगा

वखारीतून आणलेली फळी लांबून पाहता सरळ दिसते. ती सपाट ओट्यावर ठेवून एका टोकाकडून डोळा लावला, की तिचे खरे रूप कळते. अंगावर करवतीचे ओरखडे असतात, मध्यभागी बाक असतो, एक कोपरा उचललेला असतो आणि एका टोकाची जाडी दुसऱ्या टोकापेक्षा सूतभर कमी भरते. अशा चार फळ्या शेजारी शेजारी जोडून टेबलाचा माथा करायचा म्हटले, तर सांधे बसत नाहीत, खुंट्या ओढून धरतात आणि वर्ष-सहा महिन्यांत माथा फाटतो. सुबक फर्निचरचा पाया पॉलिशमध्ये नसून सारख्या जाडीच्या लाकडात असतो.

हे काम पूर्वी केवळ हातरंध्याने होत असे. लांब रंधा, गुण्या आणि खतावणी घेऊन कसबी सुतार दिवसाकाठी मोजक्याच फळ्या उतरवी. यंत्राने रंधा मारण्याची कल्पना मात्र दोन शतकांहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथम यांनी १७९१ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ यांना १८२८ मध्ये मिळालेल्या पेटंटनंतर फिरत्या पात्यांची रंधा यंत्रे तेथे मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. आज तालुक्याच्या गावातील लहानशा फर्निचर कारखान्यातही थिकनेस प्लेनर आढळतो.

आपल्या गावगाड्यात सुतारकी हे बलुत्याचे, म्हणजे जन्माने वाट्याला येणारे काम होते. त्या ज्ञानाची शिदोरी बापाकडून मुलाकडे जाई आणि इतर घरांतील मुलांना रंधा हाती घेण्याचे कारणच पडत नसे. आमच्या कार्यशाळेतून बाहेर पडलेल्या अनेकांच्या घरी कोणीही सुतार नव्हता. त्यांना जे मिळाले ते शिकून मिळाले, आणि शिकून मिळणारी गोष्ट लिहून ठेवता येते. म्हणून या स्मरणिकेत आठवणींच्या शेजारी हा कामाचा लेख आम्ही देत आहोत. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडावा आणि आपली मुले यंत्राजवळ नेमके काय शिकतात, हे पालकांनाही समजावे, एवढाच हेतू आहे.

यंत्र काय करते आणि काय करत नाही

थिकनेस प्लेनर एकच काम करतो. फळीची जी बाजू खाली टेबलावर टेकलेली असते, तिला समांतर अशी वरची बाजू तो कापतो. या एका वाक्यात यंत्राचे सामर्थ्य आहे आणि मर्यादाही आहे. खालची बाजू सपाट असेल तर वरची सपाट निघेल. खालची बाजू वाकडी असेल तर वरचीही तितकीच वाकडी, पण गुळगुळीत निघेल. बाकदार फळी आत सरकताना रोलरच्या दाबाने तात्पुरती सपाट होते, त्या अवस्थेत कापली जाते आणि बाहेर पडताच पुन्हा पूर्वीचा बाक घेते. ‘मशीन मारली तरी फळी वाकडीच’ ही तक्रार यातून जन्मते. त्यात यंत्राचा दोष नसतो.

म्हणून कामाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम एक रुंद बाजू सरफेस प्लेनरवर किंवा हातरंध्याने सपाट करावी. त्या बाजूच्या आधाराने एक कड गुण्यात घ्यावी. त्यानंतर फळी थिकनेस प्लेनरमधून काढून दुसरी रुंद बाजू समांतर करावी आणि शेवटी दुसरी कड करवतीने रुंदीला कापावी. सरफेस प्लेनर नसेल तर जाड प्लायवूडच्या सरळ पाटीवर फळी ठेवून तिच्या पोकळ जागी पातळ पाचरी बसवाव्यात, त्या हलणार नाहीत अशा चिकटवाव्यात आणि पाटीसह फळी यंत्रातून काढावी. पाटीच्या मागच्या टोकाला बारीक अडणी असली, की फळी पाटीवरून मागे घसरत नाही. एक बाजू सपाट झाली की पाटी काढून टाकावी.

यंत्राची अंगे

यंत्राच्या मध्यभागी आडवा पोलादी कटर ब्लॉक असतो. त्यात दोन, तीन किंवा चार लांब पाती पाचरपट्ट्यांनी आवळलेली असतात. ब्लॉकच्या पुढे आणि मागे एकेक फीड रोलर असतो. पुढचा बहुधा दातेरी असतो, तो फळी पकडून आत ढकलतो. मागचा गुळगुळीत किंवा रबरी असतो, तो फळी बाहेर ओढतो. पात्याच्या अगदी पुढे लाकूड दाबून धरणारी पट्टी असते. तिच्यामुळे तंतू उचकटण्यापूर्वीच तुटतात. आत शिरण्याच्या तोंडाशी लोंबणाऱ्या पोलादी बोटांची रांग असते. फळी उलट फेकली जाऊ लागली, की ही बोटे तिच्यात रुतून तिला अडवतात. खाली टेबल असते. मोठ्या यंत्रांत हे टेबल चाकाने वर-खाली होते, तर लहान सुट्या यंत्रांत बहुधा टेबल स्थिर राहून कटरचा माथा खाली येतो.

पृष्ठभाग किती गुळगुळीत निघेल याचे गणित सोपे आहे. कटर ब्लॉक मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल आणि त्यात तीन पाती असतील, तर मिनिटाला १५,००० काप होतात. त्याच मिनिटात फळी ६ मीटर सरकत असेल, तर दर मिलिमीटरला अडीच काप पडतात. वेग दुप्पट केला की काप निम्मे होतात आणि फळीवर बारीक लाटा बोटाला जाणवू लागतात. म्हणून जाडी उतरवताना वेग चालतो, पण शेवटच्या हातासाठी, यंत्रात तशी सोय असल्यास, संथ गती ठेवावी.

फळी आत जाण्यापूर्वी

पहिले काम शोधण्याचे. आपल्याकडे पाडकामातील जुने सागवान मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. लाकूड उत्तम असते, परंतु त्यात मोडलेले खिळे, स्क्रू, बिजागरीचे तुकडे आणि भिंतीच्या चुन्यातली खडी दडलेली असते. एक खिळा पात्यांचा पूर्ण संच खराब करतो, आणि त्याचा उडालेला तुकडा माणसाला इजाही करू शकतो. फळीवरून ताकदीचे लोहचुंबक फिरवावे, काळे डाग टोचून पाहावेत आणि तारेच्या ब्रशने माती पूर्ण काढावी. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. तो रंग यंत्रात घालून त्याची धूळ करू नये.

दुसरे काम ओलाव्याचे. ओले लाकूड आज कितीही अचूक उतरवले, तरी वाळताना आटते व पिळते. घरातील फर्निचरसाठी ओलावा साधारण १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असावा. मोजण्याचे लहान यंत्र बाजारात मिळते. जाड फळी बरीच उतरवायची असेल, तर दोन्ही बाजूंनी सारखेच लाकूड काढावे. एकाच बाजूने काढल्यास आतला अधिक ओला थर एका अंगाला उघडा पडतो आणि फळी वाकते. इच्छित जाडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवून, खाली काठ्या घालून एक-दोन दिवस हवेशीर ठेवावी आणि मग अखेरचा हात द्यावा.

तिसरे काम तंतूंची दिशा पाहण्याचे. फळीची कड पाहिली की तंतूंच्या रेषा कोणत्या बाजूला चढतात ते दिसते. आत प्रथम जाणाऱ्या टोकाकडून मागच्या टोकाकडे जाताना या रेषा वर चढत गेल्या पाहिजेत. मांजराच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवावा तसे हे आहे. उलट्या दिशेने पाते लागले, की तंतू मुळापासून उचकटतात आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात. दुसरी बाजू उतरवण्यासाठी फळी उलटताना पुढचे टोक मागे जाईल अशी उलटावी, म्हणजे दिशा बहुधा योग्य राहते.

लांबीचाही नियम आहे. फळीने पुढचा रोलर सोडण्याआधी मागच्या रोलरने तिला पकडलेले असले पाहिजे. अनेक यंत्रांसाठी किमान लांबी ३०० मिलिमीटरच्या आसपास सांगितलेली असते. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतील आकडा पाहून तो यंत्रावरच रंगवून ठेवावा. त्याहून आखूड तुकडा आत घालू नये. लांब फळी उतरवून मग तुकडे करावेत.

फळी चालवताना

एका फेरीत किती काढावे, हा नवशिक्यांचा नेहमीचा प्रश्न असतो. सागवानासारख्या लाकडात एक मिलिमीटर ही सुरक्षित सवय आहे. अरुंद आणि मऊ लाकडात दीड-दोन चालतात, तर यंत्राच्या पूर्ण रुंदीच्या फळीसाठी अर्धा मिलिमीटरही पुरेसा असतो. सहा इंच रुंदीवर एक मिलिमीटर आणि बारा इंचांवर अर्धा मिलिमीटर काढताना मोटरला जवळपास सारखेच काम पडते. मोटरचा आवाज खाली बसू लागला, की काप जास्त होतो आहे असे समजावे. पहिली फेरी नेहमी फळीच्या सर्वांत जाड जागेच्या मापाने लावावी.

टेबल वर येणारे यंत्र असेल, तर अंतिम मापाला नेहमी खालून वर येऊनच थांबावे. माप ओलांडले गेल्यास एक-दोन फेरे खाली नेऊन पुन्हा वर यावे. स्क्रूच्या आट्यांत बारीकसा ढिलेपणा असतो, तो अशा रीतीने एका बाजूला बसतो आणि कंपनाने टेबल खचत नाही. यंत्रावरील पट्टीवर विसंबून राहू नये. फळी बाहेर आली की व्हर्नियरने दोन्ही कडांना माप घ्यावे. एका नगाच्या सर्व फळ्या शेवटच्या मापावर एकापाठोपाठ काढाव्यात. आज चार आणि उद्या दोन काढल्या, तर त्याच आकड्यावर पुन्हा नेमके येणे अवघड असते.

फळी टेबलावर सपाट टेकवून आत सरकवावी आणि रोलरने पकडताच हात सोडावा. पुढे ढकलण्याची गरज नसते. लांब फळीला दोन्ही बाजूंना रोलर स्टँडचा आधार द्यावा. प्रत्येक फळी टेबलाच्या मधोमधच न घालता कधी डावीकडे, कधी उजवीकडे घालावी, म्हणजे पात्यांची धार सगळीकडे सारखी झिजते.

फळीवरचा दोष यंत्राचा दोष सांगतो

उतरवलेली फळी तिरप्या उजेडात धरावी. ती यंत्राची प्रकृती सांगते.

फळीच्या पहिल्या किंवा शेवटच्या दोन-तीन इंचांत खोलगट पट्टा दिसला, तर त्याला स्नाइप म्हणतात. फळी एकाच रोलरखाली असते तेव्हा तिचे मोकळे टोक लोंबते आणि दुसरे टोक पात्याकडे उचलले जाते. लोंबणारे टोक किंचित उचलून धरणे, फळ्या एकीच्या शेपटीला दुसरी लावून सलग घालणे, किंवा मुळातच दोन्ही टोकांना तीन-तीन इंच जास्त लांबी ठेवून नंतर कापणे, हे त्याचे उपाय आहेत. दोष मोठा असेल तर रोलरचा दाब आणि पुढच्या-मागच्या टेबलांची पातळी तपासावी.

संपूर्ण लांबीभर उंच बारीक रेघ उमटली, तर पात्याला खाच पडली आहे. सगळ्या पात्यांत खाच एकाच जागी असेल, तर एक पाते बाजूला केसभर सरकवून तात्पुरते काम भागते. ठळक लाटा दिसल्या, तर एखादे पाते इतरांपेक्षा वर आहे. काळपट आडवा डाग म्हणजे फळी मध्येच थांबली आणि पाती एकाच जागी घासली. याचे कारण बोथट धार, राळेने माखलेला रोलर किंवा खरखरीत टेबल असते. एक कड जाड आणि दुसरी पातळ निघाली, तर टेबल कटर ब्लॉकला समांतर नाही किंवा पाती तिरकी बसली आहेत. पृष्ठभागावर नखाने दाबल्यासारखे बारीक खळगे दिसले, तर भुसा बाहेर पडत नाही आणि छिलके रोलरखाली दबत आहेत.

पात्यांची निगा

सागवानात सिलिका असते, त्यामुळे त्यात काम करताना धार लवकर जाते. बोथट पात्याचा आवाज बदलतो, फळी आत जाताना अडखळते आणि तंतू कापले न जाता चेपले जातात. अशा वेळी रोलरचा दाब वाढवणे हा उपाय नव्हे.

पाती काढण्यापूर्वी वीज मुळापासून तोडावी. प्लग काढून तो स्वतःच्या नजरेसमोर ठेवावा. थ्री-फेज जोडणी असल्यास मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि किल्ली खिशात ठेवावी. धार लावायला सर्व पाती एकत्रच द्यावीत आणि सर्वांतून सारखेच पोलाद काढले जाईल, असे सांगावे. पात्यांच्या वजनात फरक पडला, की हजारो फेऱ्यांच्या वेगात कटर ब्लॉक थरथरतो आणि बेअरिंग लवकर जाते. घासून घासून पाते पुस्तिकेत दिलेल्या किमान रुंदीखाली गेले, की ते टाकून द्यावे. पाचरपट्टीला धरायला पुरेसे अंग उरले नाही, तर ते चालत्या यंत्रातून निसटू शकते. काटकसर इथे करायची नसते.

पाती बसवताना खाचा आणि पाचरपट्ट्या कोरड्या फडक्याने स्वच्छ कराव्यात. पाते ब्लॉकच्या गोलाईबाहेर साधारण एक मिलिमीटर असते. नेमके माप पुस्तिकेप्रमाणे गेजने लावावे आणि डाव्या, मधल्या, उजव्या अशा तीन जागी तपासावे. बोल्ट मध्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, थोडे थोडे करून आवळावेत. सर्व आवळून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासावेत. मग ब्लॉकवर थेट बोटे न टेकवता तो पुलीने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावा, झाकण लावावे आणि यंत्राच्या रेषेतून बाजूला उभे राहून ते क्षणभर रिकामे चालवावे.

रोजची, महिन्याची आणि पावसाळ्याची निगा

काम संपल्यावर यंत्र बंद करून ब्रशने भुसा काढावा. आठ फूट लांब आणि एक फूट रुंद फळीवरून एक मिलिमीटर लाकूड निघाले, तर घट्ट लाकूड जेमतेम पाऊण लिटर असते. त्याचे छिलके मात्र कितीतरी पट जागा व्यापतात. ते साचून मोटरची हवा कोंडली, की मोटर तापते. छिलक्यांची पोती कार्यशाळेत साठवू नयेत आणि तेथे विडी-काडी पेटवू देऊ नये.

टेबलावर मेणबत्तीचे मेण घासून कोरड्या फडक्याने पुसले, की फळी सहज सरकते. तेल वापरू नये. ते लाकडात उतरते आणि पॉलिश धरत नाही. रोलरवरची राळ टर्पेंटाइनच्या फडक्याने, वीज तोडूनच पुसावी. महिन्यातून एकदा पट्ट्याचा ताण, साखळी, सर्व बोल्ट आणि मागे न उडू देणारी पोलादी बोटे पाहावीत. प्रत्येक बोट हाताने उचलून सोडले असता स्वतःच्या वजनाने खाली पडले पाहिजे. रोलरच्या बुशांना पुस्तिकेत सांगितलेले तेल थेंबभर द्यावे. टेबल वर-खाली करणाऱ्या उघड्या स्क्रूंवर चिकट ग्रीस थापू नये, त्यात भुसा बसून लगदा होतो.

पावसाळा हा बिडाच्या टेबलाचा शत्रू आहे. सुटीत यंत्र बंद राहणार असेल, तर टेबलावर व पात्यांवर तेलाचा पातळ हात फिरवून यंत्र सुती कापडाने झाकावे. घट्ट प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडून गंज उलट वाढतो. सुटीनंतर तेल पूर्ण पुसून एक टाकाऊ फळी आधी काढावी. थ्री-फेज जोडणीत काही दुरुस्ती झाली असेल, तर मोटर योग्य दिशेने फिरते का, हे लाकूड घालण्यापूर्वी पाहावे. दोन तारा अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते.

जीव आणि बोटे

या भागात तडजोड नाही. चालत्या यंत्रात हात, काठी किंवा फडके कधीही घालू नये. फळी अडकल्यास आधी यंत्र बंद करावे, कटर ब्लॉक पूर्ण थांबू द्यावा, वीज तोडावी आणि मगच टेबल खाली घेऊन फळी काढावी. बटण दाबल्यानंतरही ब्लॉक काही वेळ फिरत राहतो. आत वाकून पाहू नये आणि फळीच्या नेमके मागे उभे राहू नये. ढिले कपडे, ओढणी, मफलर, मनगटातील दोरा व कडे नको. केस बांधलेले असावेत. हातमोजे घालून यंत्र चालवू नये, कारण मोजा अडकला तर बोटांसह आत ओढला जातो.

गोंगाट आणि धूळ यांची इजा लगेच दिसत नाही, म्हणून ती दुर्लक्षिली जाते. या यंत्राचा आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. अशा आवाजात वर्षानुवर्षे काम केल्यास गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या गटात घातले आहे. इअरमफ, चष्मा आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क ही चैन नाही. रुमाल बांधणे मास्कच्या जागी चालत नाही.

पालकांना आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो, की अठरा वर्षांखालील विद्यार्थी हे यंत्र चालवत नाहीत. ते हातरंधा मारतात, तंतू वाचतात, मापे घेतात, यंत्र बंद असताना त्याची अंगे ओळखतात आणि नोंदवही ठेवतात. यंत्र प्रशिक्षित प्रौढ माणूसच चालवतो. हातरंध्याने एक फळी सपाट करून दाखवलेल्या मुलाला पुढे यंत्र शिकणे सोपे जाते, कारण यंत्राने काय करायला हवे, हे त्याच्या हाताला आधीच ठाऊक असते.

जुने यंत्र घेणाऱ्यांसाठी

व्यवसाय सुरू करणारे आपले अनेक बांधव जुने यंत्र घेतात. त्यात वावगे काही नाही, पण रंगाच्या नव्या हाताला भुलू नये. वीज बंद असताना कटर ब्लॉकचे टोक धरण्याजोग्या भागाला हलवून बेअरिंग ढिले आहे का, ते पाहावे. यंत्र चालवून खरखर ऐकावी. स्वतःबरोबर नेलेल्या रुंद फळीवरून हात काढून दोन्ही कडांचे माप घ्यावे. पाचरपट्ट्या मूळच्या आहेत का, बोल्टांच्या आट्या झिजल्या आहेत का, झाकणे, पोलादी बोटे आणि तातडीने बंद करण्याचे बटण जागेवर आहे का, हे तपासावे. कटर ब्लॉक चौकोनी असेल तर असे यंत्र घेऊ नये. तो जुना प्रकार बोटांच्या इजांसाठी कुप्रसिद्ध होता आणि म्हणूनच गोल ब्लॉक आला. झाकण काढून टाकलेले यंत्र ‘कामाला सोपे’ म्हणून कोणी विकत असेल, तर तेथून उठून यावे. वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होणार नाही असा स्टार्टर आणि पक्के अर्थिंग, यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

अखेरची सूचना नोंदवहीची. पाती कधी बदलली, किती वेळा धार लावली, कोणते बेअरिंग कधी घातले, पट्ट्याचा क्रमांक काय, हे चार रकान्यांत लिहून ठेवावे. वही यंत्राशेजारीच खिळ्याला टांगलेली असावी. यंत्र चालवणारी माणसे बदलतात. वही राहिली, तर नव्याने येणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे अशा नोंदी आहेत, त्यांनी त्यांची एक प्रत कार्यशाळेकडे जरूर पाठवावी. येथे शिकणाऱ्या मुलांना त्यांचा उपयोग होईल.